मोठी माणसं बारा वर्षांची होतात, तेव्हा सगळेच नट बारा वर्षांचे असले तर?

पारोळा तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या अंतराळयानावर घडणाऱ्या इंग्रजी टीव्ही मालिकेतला 'रास्कल्स' हा भाग त्यांनी पाहिला आणि त्यावरून सातवीच्या मुलांसाठी गॅदरिंगला 25 मिनिटांचं नाटुकलं लिहिलं. गावातली चार मोठी माणसं, म्हणजे सरपंच, मुख्याध्यापिका, एक आजी आणि एसटीचा कंडक्टर, वीज पडून बारा वर्षांची होतात. तालमीत मात्र मुलं घोगरा आवाज काढतात, कमरेवर हात ठेवतात, खोकतात आणि सगळा नकलांचा कार्यक्रम होऊन बसतो. त्या विचारतात : लहान अंगातलं मोठं माणूस मुलांकडून कसं काढून घ्यायचं? विज्ञान किती सांगायचं? आणि शेवट काय करायचा?

ताई, तो भाग न पाहिलेल्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. 1992 साली, मालिकेच्या सहाव्या सीझनमध्ये तो आला. अंतराळ जहाजाचा कॅप्टन पिकार्ड आणि जहाजावरच्याच गायनन, किको आणि रो लारेन हे चौघं सुट्टी संपवून एका छोट्या यानातून परत येत असतात. यान संकटात सापडतं, ट्रान्सपोर्टरने, म्हणजे माणसाला क्षणात एका जागेहून दुसरीकडे नेणाऱ्या यंत्राने, त्यांना घाईघाईत मुख्य जहाजावर ओढून घेतलं जातं आणि चौघंही बारा वर्षांच्या आसपासची होऊन उतरतात. आठवणी, शिक्षण, स्वभाव सगळं जागेवर, शरीर तेवढं लहान. पुढे फेरेंगी नावाचे लुटारू जहाज ताब्यात घेतात, पोरांना वर्गात कोंडतात आणि ही चार 'मुलं' जहाज सोडवतात.

आता तुमची अडचण. मुलं नकला करतात हे वरवरचं लक्षण झालं. खरी गोची अशी आहे की टीव्हीवरच्या त्या चार मुलांभोवती खरीखुरी मोठी माणसं उभी होती. छोटा पिकार्ड बोलायला लागला की त्याच्या शेजारी त्याचा सव्वासहा फुटी दुय्यम अधिकारी रायकर दिसायचा, त्यामुळे फरक दाखवायला पोराला काही करावंच लागत नव्हतं. तुमच्या स्टेजवर सरपंच झालेला मुलगा सातवीतला आणि त्याच्या समोरचा तलाठीही सातवीतला. प्रेक्षकाला फरक दिसणार कुठून? मुलांना हे बरोबर कळतं. कोणी सांगितलं नसलं तरी ती फरक तयार करायला धडपडतात, आणि हाताशी असतं तेच वापरतात : मिशीला पीळ, काठी, खोकला. त्यांना रागावू नका. त्यांना दुसरी हत्यारं द्या.

पहिला उपाय सोपा आहे. नाटकाची पहिली चार मिनिटं खऱ्या मोठ्या माणसांकडून करून घ्या. सरपंचाच्या जागी एखादे सर, आजीच्या जागी एखाद्या मुलीची खरी आजी, कंडक्टर म्हणून शाळेतले शिपाईमामा. संवाद दोन-दोन वाक्यांचे पुरेत. नंतर तीच माणसं मुलांच्या रूपात आली की गावाला वेगळं समजवावं लागणार नाही, कारण शिपाईमामांना सगळं गाव ओळखतं. त्यांनी तिकिटं फाडताना बोट जिभेला लावलं असेल आणि नंतर आलेल्या मुलाने तसंच लावलं, तर मागच्या रांगेतला माणूससुद्धा म्हणेल, हे तर मामा! जादू एवढीच. शाळेचा 'फक्त मुलंच हवीत' असा आग्रह असेल, तर गावातल्या इतर मोठ्यांच्या भूमिका नववी-दहावीच्या उंच मुलांना द्या आणि बदललेले चौघं पाचवीतून घ्या. सगळी पात्रं एकाच वर्गातून घेतली तर निम्मा परिणाम तिथेच जातो. वर्गशिक्षिकेला आपल्याच वर्गाचं नाटक हवं असतं हे मला माहीत आहे, पण या गोष्टीला ते मानवत नाही.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून तिथे जरा थांबतो. मुलाने मोठेपण 'दाखवायचं' नसतं. त्याचं मोठेपण समोरच्याने काढून घ्यायचं असतं. राजाचं सोंग घेणाऱ्याला राजेपण करावं लागत नाही, दरबार वाकला की तो राजा होतो, हे आपल्याकडे सोंगं आणणाऱ्या जुन्या माणसांना पक्कं ठाऊक असतं. इथे उलटा प्रवास आहे. माणूस तोच, हुकूम तोच, फक्त दरबार वाकेनासा झालाय. 'रास्कल्स'मध्ये छोटा पिकार्ड जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे नियंत्रण कक्षात, येऊन नेहमीसारखे हुकूम देतो. त्यात अभिनयाचा कुठलाही पराक्रम नाही. त्या प्रसंगाची सगळी ताकद भोवतालच्या अधिकाऱ्यांत आहे : ते क्षणभर अडखळतात, एकमेकांकडे बघतात, मग हात हलवतात. शेवटी डॉक्टर क्रशर त्याला बाजूला घेऊन जहाजाची सूत्रं सोडायला लावते. त्या अडखळण्यात प्रेक्षकाला माणसाचं सगळं गमावणं दिसतं.

म्हणून तालमीत बदललेल्या चौघांपेक्षा जास्त वेळ बाकीच्या मुलांवर घालवा. मी एक खेळ घेतो. एका मुलाला मधे उभं करायचं आणि सांगायचं, तू फक्त एवढंच म्हण, 'खुर्ची आणा.' आवाज तुझाच, घाई नको, ओरडायचं नाही. पहिल्यांदा बाकीच्यांनी धावत खुर्ची आणायची. दुसऱ्यांदा आणायची, पण आधी दुसऱ्या कोणाकडे तरी बघून, 'आणू का?' असं डोळ्यांनी विचारून. तिसऱ्यांदा हसून त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि आपल्या कामाला लागायचं. मधला मुलगा तिन्ही वेळा अगदी तेच करतो, पण तिसऱ्या वेळेला त्याचा चेहरा आपोआप बदलतो. तो बदललेला चेहरा तुमचा सरपंच. त्याला 'आता दुःखी दिस' असं सांगायची वेळच येत नाही. आणि डोक्यावरून हात फिरवणाऱ्या मुलालाही कळतं की आपणही नाटक करतोय, नुसते उभे नाही.

पात्रनिवडीचंही यातूनच ठरतं. चौघांसाठी वर्गातली सगळ्यात बोलकी, मोठ्या आवाजाची मुलं घेऊ नका. दुसरं बोलत असताना ज्यांची नजर ढळत नाही अशी घ्या. पिकार्डचं काम केलेला डेव्हिड ट्रिस्टन बर्किन हा मुलगा याच मालिकेत 1990 मध्ये पिकार्डच्या पुतण्याच्या भूमिकेत आला होता, म्हणजे चेहऱ्याचं नातं प्रेक्षकांच्या मनात आधीच जुळलेलं होतं. पण त्याचं काम पटतं ते त्याच्या स्थिरपणामुळे. तो हातवारे फार कमी करतो.

तुमच्या आजीबद्दल मला वेगळं सांगायचंय. तिच्यात नाटकाचं खरं सोनं आहे आणि तिचीच नक्कल सगळ्यात जास्त होत असणार. वाकलेली कंबर, थरथरता हात, खोकला हे सगळं म्हाताऱ्या शरीराचं आहे, आणि ते शरीर तर गेलं! बारा वर्षांच्या अंगात गुडघेदुखी कशी असेल? मग आजीचं उरलं काय? सवयी उरल्या, लक्ष उरलं. खोलीत शिरल्यावर तिची नजर आधी कुठे जाते? गॅसचं बटण बंद आहे का, दारात कोणाच्या चपला आहेत, पोरगं जेवलंय का. बसल्या जागी जमिनीवर सांडलेले चार दाणे तिची बोटं न बघता वेचतात. मुलांना गृहपाठ द्या : आपल्या आजीला एक संध्याकाळ नुसतं बघा, आणि तिच्या शरीराचं काही आणू नका, तिच्या लक्षाचं एक काहीतरी आणा. मुलं काय काय घेऊन येतात ते बघून तुम्ही थक्क व्हाल. मी बसवलेल्या एका नाटकात एक मुलगी आजीची अशी सवय घेऊन आली, की कोणी घराबाहेर निघालं की आजी काही बोलत नाही, फक्त त्याच्या हातातली पिशवी घेऊन तिचे बंद ओढून बघते, तुटतील का ते. कुठल्याही लेखकाला हे टेबलावर बसून सुचलं नसतं.

आणि मग सवयीची आणि नव्या शरीराची गाठ पडू द्या. आजी झालेली मुलगी खाली बसायला जाते. सवयीने एक हात भिंतीला, दुसरा गुडघ्यावर, ओठ आधीच आवळलेले, कारण कळ येणार हे तिला वर्षानुवर्षं माहीत आहे. अर्ध्यात पोचते आणि कळ येत नाही. तिथे तिला थांबवा, अर्धवट बसलेल्या अवस्थेतच. मग ती उठते, पुन्हा बसते, उठते. तिसऱ्यांदा भिंत सोडते. संवाद एकही नको. हे नीट बसलं की प्रेक्षक हसतील, टाळ्या वाजवतील, आणि पुढच्या रांगेतल्या काही बायका डोळे पुसतील. तुमच्या संहितेत या जागी आजीला 'अगं बाई, माझे गुडघे दुखत नाहीत!' असं वाक्य आहे, ते काढून टाका.

हे किती जमेल ते तुमच्या मंडपावर अवलंबून आहे, हे मान्यच आहे. बंद नाट्यगृहात, जळगावच्या संभाजीराजे नाट्यगृहासारख्या ठिकाणी, अशी शांत जागा शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. शाळेच्या पटांगणात, आधीच्या नाचाची शिट्टी अजून चालू असताना, उभ्या केलेल्या तीन माइकवर ती हरवू शकते. तिथे दोन गोष्टी करा. आजीला स्टेजच्या अगदी पुढे, मधोमध बसवा. आणि नाटकाची सुरुवात संवादांनी करू नका. पहिली दीड-दोन मिनिटं नुसती हालचाल ठेवा, तोवर गाव स्थिरावतं.

बोलीचा विचार तुम्ही केलेला दिसत नाही, आणि पारोळ्याला तर ती तुमची हक्काची ठेव आहे. तुमच्या चारही पात्रांच्या तोंडी पुस्तकी मराठी आहे. आजी बारा वर्षांची झाली तरी तिची अहिराणी, म्हणजे इथली घरची बोली, जाणार नाही. घरात अहिराणी समजणारी पण वर्गात प्रमाण मराठीच बोलणारी मुलं आज पुष्कळ आहेत. मग फरक दाखवायला याहून चांगलं काय? बदललेले चौघं अहिराणीत बोलू द्या आणि त्यांच्याशी खेळायला येणारी गावातली पोरं शाळेच्या मराठीत. आजी झालेली मुलगी नातवाला म्हणते, 'आठे ये, मी तुन्ही आजी शे.' नातू म्हणतो, 'तू माझी आजी नाहीस. तू माझ्या वर्गातल्यांएवढी आहेस.' दोन वाक्यांत वय, नातं, काळ सगळं कळलं. मिशीची गरज उरली नाही. मात्र अहिराणी तुम्ही स्वतः लिहू नका. घरी रोज बोलणाऱ्या एखाद्या माणसासमोर संवाद वाचा आणि तो म्हणेल तसे बदला, कारण धुळ्याकडची आणि पारोळ्याकडची लकब एक नसते. आणि हे वाचणारं कोणी यावल-रावेरकडचं असेल तर तिथे लेवा गणबोली घ्यावी.

नातवाचा विषय निघालाच आहे तर किकोबद्दल सांगतो. 'रास्कल्स'मध्ये किको ही जहाजावरच्याच ओब्रायनची बायको आहे आणि एका छोट्या मुलीची आई. तिची मुलगी मॉली तिला आई मानायला तयार होत नाही, हा त्या भागातला मला सगळ्यात टोचणारा धागा वाटतो. नवरा-बायकोचा प्रसंगही त्यात आहे. ओब्रायन अवघडून जातो, बायकोने नेहमीसारखं जवळ येऊन बोललेलं त्याला सहन होत नाही. टीव्हीवर मोठ्या प्रेक्षकांसाठी तो अवघडलेपणा दाखवणं ठीक. तुमच्या संहितेत सरपंच आणि त्यांच्या पत्नीचा असाच एक विनोदी प्रसंग आहे, तो सरळ कापा. लहान मुलाला नवरा म्हणून उभं करून गावाने हसावं, हे शाळेच्या स्टेजवर नको. आपल्या भागात बालविवाहाचा प्रश्न अजून मिटलेला नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जवळून बघता. ती जागा आजी-नातवाला द्या. नातू तिच्याकडून केस विंचरून घेत नाही, तिच्या हातचं खात नाही, आणि रात्री मात्र 'आजी कुठंय' म्हणून रडतो. तिच्यासमोरच.

चौघांना वेगवेगळ्या प्रतिक्रिया द्या, हेही त्या भागाकडून शिकण्यासारखं आहे. पिकार्डचा अधिकार जातो. किकोची नाती जातात. गायननला मात्र मजा वाटते, ती पलंगावर उड्या मारते. आणि रो, जिचं बालपण निर्वासितांच्या छावणीत करपलेलं, ती सुरुवातीला सगळ्यात जास्त चिडते, कारण बालपणात परत जायला तिच्याकडे काही नाहीच. तुमचे चौघंही एकसारखे घाबरतात आणि एकसारखे परत मोठे व्हायला धडपडतात. तुमच्या मुख्याध्यापिकेला किंवा कंडक्टरला रोची जागा देता येईल. समजा, कंडक्टर पाचवीत शाळा सोडून केळीच्या बागेत मजुरीला लागला होता. बारा वर्षांचा असताना तो कधी खेळलाच नव्हता. आता पोरं त्याला विटीदांडूला बोलावतात आणि त्याला दांडू धरता येत नाही. ही माणसं खानदेशात आपल्या घरोघरी आहेत. ती प्रेक्षकांतच बसलेली असतील.

खलनायकाबद्दल थोडंच सांगतो. फेरेंगींना पोरांची भीती वाटत नाही, म्हणूनच पोरं जिंकतात. तुमच्याकडे काटा मारणारा केळीचा व्यापारी आहे, तो उत्तम आहे. तो आणि त्याचा मुनीम मुलांसमोर बिनधास्त बोलतात, कारण पोरांना काय कळतंय! तेवढ्यावर कथानक चालेल. यात एक जागा अवघड आहे आणि ती जरूर घ्या. 'रास्कल्स'मध्ये पिकार्डला रायकरपर्यंत पोचायचं असतं, म्हणून तो फेरेंगींसमोर 'मला माझ्या बाबांकडे जायचंय' असा लहान पोरासारखा हट्ट मांडतो. म्हणजे लहान मुलगा मोठ्या माणसाचं काम करतोय आणि तो मोठा माणूस लहान मुलाचं सोंग घेतोय. तुमच्या मुलाला हे समजावून सांगू नका, गोंधळेल. त्याला एवढंच सांगा : रडण्याआधी एकदा मागे वळून बघ, गावातलं कोणी ओळखीचं बघत नाहीये ना. ती लाज दिसली की मग तो खुशाल लोळण घेऊ दे. सरपंच कुठे संपला आणि पोरगं कुठे सुरू झालं हे त्या वळून बघण्यातून कळेल.

विज्ञान किती? एक वाक्य, एका प्रसंगात. त्या भागात असं सांगतात की ट्रान्सपोर्टरने माणसं पुन्हा जुळवताना वाढीशी संबंधित काही जनुकीय भाग गळाला, म्हणून शरीरं मुलांची झाली. पुढे तेच यंत्र वापरून त्यांना परत मोठं करतात. खऱ्या विज्ञानाच्या कसोटीवर हे टिकत नाही. शरीर बारा वर्षांचं झालं तर मेंदूही बारा वर्षांचा हवा, आणि विचारपूर्वक निर्णय घेणारा मेंदूचा पुढचा भाग तर पंचविशीच्या आसपासपर्यंत पिकत असतो. मग साठ वर्षांच्या आठवणी तिथे मावल्या कशा? हा प्रश्न नाटकाने सोडवायची गरज नाही. नियम एकच ठरवायचा आणि पाळायचा. याच स्टार ट्रेकच्या 1974 च्या अॅनिमेटेड भागात उलट्या काळात शिरून अख्खं जहाज लहान होतं, पण तिथला नियम वेगळा आहे : वय कमी होतं तसं ज्ञानही पुसलं जातं, पोरं झालेल्या अधिकाऱ्यांना जहाज चालवता येईनासं होतं आणि मुळात म्हातारा असलेला, निवृत्तीला आलेला एक अधिकारी तरुण होऊन ते वाचवतो. दोन्ही नियम चालतात. तुमच्या संहितेत मात्र आजीला सातव्या पानावर जुना हिशेब तोंडपाठ आहे आणि अकराव्या पानावर पाढे आठवत नाहीत. तसं केलं की प्रेक्षकाचा विश्वास उडतो.

आणि ती वीज बदला. वीज कुठेही पडते, तिला गावाचा पत्ता नसतो. तुमच्या आसपास केळी पिकवायची शीतगृहं आहेत ना? बंद खोली, ठरावीक तापमान, इथिलीन वायू सोडला की हिरवा घड काही दिवसांत पिवळा होतो. हे सातवीच्या मुलाला समजतं आणि गावाने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. अशा एखाद्या खोलीत यंत्र उलटं चाललं, पिकलेलं कच्चं व्हायला लागलं आणि आत चौघं अडकले. दार उघडतं, पिवळ्या घडाच्या जागी हिरवा घड आणि माणसांच्या जागी पोरं. आधी हिरवा घड दाखवा, मग पोरं बाहेर काढा. वेगळं स्पष्टीकरण लागणारच नाही. परत मोठं व्हायची वाटही तीच, पुन्हा त्या खोलीत जायचं.

यातूनच शेवटाचं उत्तर निघतं. तुमच्याकडे शेवटी सगळे मोठे होतात आणि बालपणाचं महत्त्व सांगणारं भाषण करतात. ते भाषण नको. 'रास्कल्स'मध्ये सगळे परत मोठे होतात, पण रो लगेच जात नाही. ती चित्र रंगवत बसलेली असते, गायनन येऊन तिच्या शेजारी बसते. तुमच्या कंडक्टरला दारापाशी थोडं रेंगाळू द्या. बाकी तिघं खोलीत गेले, त्याच्या हातात दांडू आहे, बाहेर पोरं आरोळ्या मारतायत, 'डाव तुझा आहे!' तो डाव त्याने खेळायचा की नाही हे ते काम करणाऱ्या मुलालाच विचारा, आणि तो सांगेल तसं बसवा. मुलं इथे शिक्षकांपेक्षा बरोबर असतात, असा माझा अनुभव आहे.

कामाचा क्रम सांगतो. पहिल्या आठवड्यात संवाद पाठ करायला देऊ नका, नाहीतर सुरावटी पक्क्या होतात आणि त्या मोडता मोडत नाहीत. खुर्चीचा खेळ आणि आजीचा गृहपाठ एवढंच घ्या. दुसऱ्या आठवड्यात अहिराणी वाचून घ्या. आजीचं बसणं आणि सरपंचाचा हट्ट या दोन जागा रोजच्या तालमीत अगदी सुरुवातीला, मुलं ताजी असताना घ्या. मोठ्या मापाचे कपडे चौघांना फक्त खोलीतून बाहेर येताना घाला. पुढच्या प्रसंगात त्यांच्या मापाचे द्या, नाहीतर 25 मिनिटं पोरं लेंगाच सावरत बसतील. आणि मोठ्यांच्या भूमिका करणाऱ्या सरांना, मामांना, आजींना निदान तीन तालमींना बोलवाच, कारण मुलांनी त्यांच्याकडून उचलायचं आहे ते त्यांना समोर बघितल्याशिवाय उचलता येणार नाही.